आकडे बरोबर आहेत, मग गाणं कुठे गेलं?

पत्र

सप्रेम नमस्कार. माझं वय ४४. दीड वर्षापूर्वी अकूस्टिक गिटार घेतली. शिकवणीला जायला वेळ जमत नाही, म्हणून टॅबची, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांनी सांगणाऱ्या लिपीची, तीन जाडजूड पुस्तकं आणली. साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतली रॉक गाणी आहेत त्यांत. कॉलेजात असल्यापासून हीच गाणी ऐकत आलो. रोज रात्री पाऊण तास नेमाने बसतो. आतापर्यंत अकरा गाणी सुरू केली, पण एकही शेवटपर्यंत येत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. पुस्तकात जे आकडे आहेत तेच मी वाजवतो, एकही चुकवत नाही. परवा ‘स्मोक ऑन द वॉटर’चा सुरुवातीचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, वाजवत होतो, सहाव्या तारेवर ०-३-५, ०-३-६-५. सोळा वर्षांची मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “बाबा, हे कुठलं गाणं?” तिला ते गाणं चांगलं माहीत आहे. त्या रात्री गिटार भिंतीला टेकवून ठेवली ती ठेवलीच. माझ्यात उपजत संगीतच नाही का? वय निघून गेलं का? की ही पुस्तकं बाजूला ठेवून आधी रीतसर पाच रेघांचं स्टाफ नोटेशन शिकू?

उत्तर

नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांतले पहिले दोन आधी निकालात काढू. वय आड येत नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी बोटं विशीतल्यापेक्षा सावकाश वळणावर येतात, एवढाच फरक. उपजत संगीताचं म्हणाल, तर तुम्ही ही गाणी पंचवीस वर्षं ऐकताय. ती कानात इतकी मुरली आहेत की रेकॉर्डिंगमध्ये एक स्वर इकडचा तिकडे झाला तर तुम्हाला लगेच खटकेल. ही पुंजी पुस्तकातून मिळत नाही. तुमची पंचाईत एवढीच झाली आहे की गिटार हातात घेतली की ही पुंजी तुम्ही बाहेर ठेवता आणि फक्त डोळे घेऊन बसता.

तुमच्या मुलीने अगदी बरोबर ऐकलं. तुम्ही वाजवत होता ते खरंच ते गाणं नव्हतं. आकडे त्याचेच होते, पण टॅबमधला आकडा बोट कुठे ठेवायचं तेवढंच सांगतो. कधी, किती वेळ, कुठल्या बोटाने आणि किती जोर देऊन, हे त्या आकड्यात नसतं. ते रेकॉर्डिंगमध्ये असतं आणि तुमच्या कानात असतं.

तुमचाच रिफ घेऊ. डीप पर्पलचं हे गाणं १९७२ सालच्या ‘मशीन हेड’ या अल्बममधलं. टॅबमध्ये ०-३-५, ०-३-६-५ हे आकडे साधारण सारख्या अंतरावर छापलेले असतात. डोळ्याला सारखं अंतर दिसलं की हात प्रत्येकाला सारखाच वेळ देतो. आता गिटार खाली ठेवा, गाणं लावा आणि पायाने ठोका धरा. एक, दोन, तीन, चार. पहिले तीन स्वर एक, दोन आणि तीनवर चोख पडतात. तिसरा थोडा रेंगाळतो. मग दुसऱ्या ओळीचा पहिला स्वर कुठे येतो ते ऐका. तुमचा हात तो पुढच्या ‘एक’वर वाजवत असणार. रेकॉर्डिंगमध्ये तो तिथे नाहीच. चारचा ठोका पडून गेल्यावर आणि एक यायच्या आधी, मधल्या फटीत तो येतो. पाय ‘एक’वर आपटतो तेव्हा हात नवं काहीही वाजवत नाही. त्यापुढचा ३ एक आणि दोनच्या मध्ये, ६ दोन आणि तीनच्या मध्ये, आणि मग ५ थेट तीनवर येऊन बसतो.

मोठ्याने मोजायचं तर असं : एक, दोन, तीन, चार-आणि, एक-आणि, दोन-आणि, तीन. पहिल्या तीन आकड्यांवर स्वर, मग तीन वेळा फक्त ‘आणि’वर स्वर, मग पुन्हा ‘तीन’वर. गिटारला हात न लावता आधी मांडीवर टाळी मारून हे जमवा. मला खात्री आहे, नुसती टाळी ऐकूनही तुमची मुलगी गाणं ओळखेल. त्या तीन ‘आणि’मध्येच त्या रिफची सगळी ऐट आहे. ते ठोक्यावर आणून ठेवले की उरतात ते नुसते स्वर.

याच रिफबद्दल आणखी एक सांगतो, कारण त्यामुळे तुम्ही रेकॉर्डिंगबरोबर वाजवायला बसलात की अडखळणार. सहाव्या मोकळ्या तारेवरून सुरू केलं की रिफ ई या स्वरापासून सुरू होतो. मूळ गाणं आहे जी मायनरमध्ये. सोपं पडावं म्हणून नवशिक्यांसाठी असं लिहितात, त्यात लबाडी नाही. एकट्याने वाजवलं तर चालूनही जातं. पण गाण्यासोबत वाजवलं की दोन्ही भांडतात आणि आपल्याला वाटतं आपणच बेसूर. सहाव्या तारेवरच वाजवायचं असेल तर ३-६-८, ३-६-९-८ असं वाजवा, म्हणजे गाण्याला जुळेल. त्याहून चांगलं म्हणजे चौथी आणि तिसरी तार एकदम घ्या. दोन्ही मोकळ्या, मग दोन्हींवर तिसरा फ्रेट (मानेवरच्या पट्ट्यांमधलं तिसरं घर), मग पाचवा, आणि दुसऱ्या ओळीत पाचव्याच्या आधी सहावा. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर या रिफमध्ये दोन स्वर जोडीने वाजवतो. खालच्याला सा म्हटलं तर वरचा म. आणि पिक (तार छेडायची चकती) न वापरता दोन्ही तारा बोटांनी एकाच क्षणी उचलतो. पिकने एक तार आधी लागते, दुसरी केसभर मागून येते. बोटांनी दोन्ही एकदम उमटतात आणि रिफला तो ठोसा मिळतो. तुमच्या अकूस्टिकवर हे करून बघा. विजेची गिटार नसली तरी फरक लगेच कळेल.

आता तिसरा प्रश्न, पुस्तकं बाजूला ठेवू का. अजिबात नको. टॅब म्हणजे आळशांची सोय असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. तारेच्या वाद्यासाठी आकड्यांनी संगीत लिहायची रीत पाचशे वर्षांहून जुनी आहे. व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची या मुद्रकाने १५०७ साली ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठीचं टॅब्लेचर, म्हणजे टॅबच, छापलं. त्यातही सहा रेघा, रेघेवर आकडे, आकडा म्हणजे फ्रेट. फक्त रेघांचा क्रम आजच्या उलट, जाड तार वर. पण त्या जुन्या पानांवर आकड्यांच्या वर छोट्या काठ्या आणि शेपट्या काढलेल्या असायच्या. त्या काळाच्या खुणा. कुठला स्वर किती टिकवायचा ते सांगणाऱ्या. नुसत्या आकड्यांनी भागत नाही, हे त्या मुद्रकालाही ठाऊक होतं.

तुमच्या पुस्तकांतही त्या खुणा आहेत, तुम्ही त्या वगळून वाचताय. टॅबच्या सहा रेघांच्या डोक्यावर पाच रेघांचं नोटेशन छापलेलं असेल. ते पाहून छातीत धस्स होतं, कारण कुठला ठिपका कुठला स्वर हे कळत नाही. ते कळायची आत्ता गरजच नाही, स्वर खालचा टॅब सांगतोच आहे. वरून फक्त वेळ वाचा. काठी असलेला भरीव ठिपका म्हणजे एक मात्रा. दोन ठिपक्यांच्या काठ्या एका आडव्या पट्टीने जोडल्या असतील तर प्रत्येकाला अर्धी मात्रा, दोन पट्ट्या असतील तर पाव. ठिपका पोकळ आणि काठी असेल तर दोन मात्रा, काठीच नसेल तर चार. शेजारी बारीक टिंब दिसलं की त्या स्वराचा वेळ दीडपट. दोन सारख्या ठिपक्यांमध्ये कमान असेल तर दुसरा पुन्हा वाजवायचा नाही, पहिलाच टिकवायचा. आणि गप्प राहायच्या खुणा वेगळ्या, त्या तीन-चारच आहेत. एवढं शिकायला आठवडा पुरतो. पूर्ण स्टाफ नोटेशन पुढे कधी शिकावंसं वाटलं तर जरूर शिका, पण ही गाणी वाजवण्यासाठी त्याच्यावर अडून बसू नका.

मग एक पेन्सिल घ्या आणि टॅबच्या प्रत्येक आकड्याखाली मात्रा लिहा. १, २, ‘आणि’, जसं असेल तसं. छापील पुस्तकावर लिहायला मन होत नाही, ठाऊक आहे मला. तरीही लिहा. दोन ओळींचा रिफ असा लिहून काढायला वीस मिनिटं लागतील, आणि त्या वीस मिनिटांत तुम्ही तो रिफ दीड वर्षांत पहिल्यांदाच नीट ऐकाल.

गप्प राहण्याच्या खुणांवर मला थोडं थांबायचं आहे, कारण रॉकमध्ये निम्मी गंमत तिथे आहे. एसी/डीसीचं ‘बॅक इन ब्लॅक’, १९८० सालचं. सुरुवातीला ई, डी आणि ए या तीन साध्या कॉर्ड्स (एकदम छेडायचे स्वरसमूह) आहेत, पहिल्या महिन्यात शिकाव्यात अशा. तरी ते वाजवणाऱ्या दहातल्या नऊ जणांचं गाणं वाटत नाही, कारण ई वाजवल्यावर ते तिला घुमू देतात. मूळ गाण्यात कॉर्ड पडते आणि कापली जाते. मधे रिकामी जागा राहते, त्यात फक्त ड्रम्स ऐकू येतात. मोकळ्या तारा असल्या की उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून आवाज बंद करायचा. दाबलेल्या तारा असल्या की डाव्या हाताची पकड सैल करायची, पण बोट तारेवरून उचलायचं नाही. तार वाजवायची वेळ आपण सगळेच शिकतो. ती बंद करायची वेळ वेगळी शिकावी लागते, आणि टॅबमध्ये त्यासाठी आकडा नसतो.

अकरा गाणी अर्धवट राहिली त्याचं कारणही मला तुमच्या पत्रातच दिसतं. तुम्ही एकही आकडा चुकवत नाही. म्हणजेच, चुकलात की थांबता आणि पहिल्यापासून सुरू करता. तसं असेल तर प्रत्येक गाण्याची सुरुवात तुम्ही शेकडो वेळा वाजवली आहे आणि शेवट एकदाही नाही. रोजच्या पाऊण तासातली शेवटची दहा मिनिटं यासाठी ठेवा : रेकॉर्डिंग लावायचं, त्याच्यासोबत वाजवायचं आणि काहीही झालं तरी थांबायचं नाही. चुकलं, सोडून द्या. चार बार (बार म्हणजे एक ते चार मात्रांचा एक गट) हुकले, हुकू द्या. पायाचा ठोका चालू ठेवा आणि पुढच्या ‘एक’वर गाण्याला पुन्हा पकडा. सुरुवातीला दहातले दोनच बार तुमच्या हाती लागतील. तरी तुम्ही गाणं शेवटपर्यंत नेलेलं असेल, आणि ती सवय बोटांच्या सफाईपेक्षा मोलाची आहे. व्हिडिओ किंवा रेकॉर्डिंगचा वेग पट्टी न बदलता पाऊणपट करायची सोय आता बहुतेक ठिकाणी असते, ती बिनधास्त वापरा.

बाकीच्या वेळेत दोन-दोन बारचे तुकडे घ्या, पण तुकड्यापेक्षा सांध्यावर जास्त वेळ द्या. प्रत्येक बार तुम्हाला सुटा सुटा येत असेल. अडतं ते एका बारच्या शेवटच्या मात्रेवरून पुढच्याच्या पहिल्या मात्रेवर उडी मारताना. म्हणून सराव ‘एक’पासून सुरू करू नका. आदल्या बारच्या ‘तीन’पासून सुरू करा आणि पुढच्या ‘दोन’पर्यंत जा. तेवढाच घास, वीसदा. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. आणि जिथे पान उलटावं लागतं तिथले चार बार पाठ करून टाका, कारण पानाच्या त्या कोपऱ्यापाशी लोकांची गाणी कायमची थांबलेली मी पाहिली आहेत.

पुस्तक किती पानांचं आहे याचंही दडपण घेऊ नका. एक गाणं आठ-दहा पानं खातं, पण त्यात खरोखर वेगळं असं दोन-तीन पानांचंच असतं. कडवी आणि ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतात. जागा वाचवायला पुस्तकवाले सुरुवातीला एका तुकड्याला ‘रिदम फिगर १’ किंवा ‘रिफ ए’ असं नाव देतात आणि पुढे नुसतं ते नाव लिहितात. खाली आकडे दिसत नाहीत म्हणून तिथे गिटार गप्प आहे असं समजून बरेच जण हात आवरून बसतात. तिथे आधीचा तुकडाच वाजवायचा असतो.

तसंच, पानावर ‘गिटार १’, ‘गिटार २’, ‘गिटार ३’ असं लिहिलेलं असेल तर सगळ्यांचं सगळं वाजवायचा प्रयत्न करू नका. ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ (१९७६) घ्या. त्याच्या शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श दोघे मिळून वाजवतात. त्यांचं वाजवणं एकमेकांत असं गुंफलेलं आहे की एका माणसाने दोन्ही घ्यायचं म्हटलं तर हात तिसरा लागेल. सुरुवातीचा भागसुद्धा बारा तारांच्या अकूस्टिक गिटारवर, सातव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून वाजवलेला आहे. ऐकू येतो बी मायनर, पण बोटं ई मायनरच्या आकारात असतात. कॅपो असला की बहुतेक पुस्तकांत शून्य म्हणजे कॅपोचा फ्रेट आणि बाकीचे आकडे तिथून पुढे मोजलेले असतात. एक गिटार निवडा, तिलाच धरून राहा आणि बाकीच्या रेकॉर्डिंगकडे सोपवा.

कॅपोवरून एक आठवण सांगतो. बीटल्सच्या १९६९ च्या ‘अॅबी रोड’मधलं जॉर्ज हॅरिसनचं ‘हिअर कम्स द सन’ मी एका पुस्तकातून शिकलो. त्या पुस्तकात कॅपोचा उल्लेखच नव्हता. डीच्या आकारातली बोटं बरोबर दिली होती, त्यामुळे एकट्याने वाजवताना छान वाटायचं, आणि रेकॉर्ड लावली की काहीच जुळायचं नाही. तीन महिने मी स्वतःच्या कानाला दोष देत राहिलो. छापलेलं चुकीचं असेल हे मनातच आलं नाही. शेवटी गिटारची मोकळी तार आणि रेकॉर्डमधला पहिला स्वर एकामागून एक ऐकत फ्रेट चढत गेलो, आणि सातव्या फ्रेटवर दार उघडलं. कान पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. तुम्हीही पुस्तक आणि कान यांत वाद झाला तर कानाची बाजू आधी ऐकून घ्या. टॅब लिहिणारा माणूसही कोणीतरी ऐकून ऐकूनच लिहितो. तोच ई हा स्वर पहिल्या तारेवर मोकळा मिळतो, दुसरीवर पाचव्या फ्रेटवर, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या. त्याने त्यातली एक जागा निवडली, मूळ वादकाने कदाचित दुसरी निवडली असेल. त्या गाण्याच्या जुन्या मैफलीचं चित्रण मिळालं तर वादकाचा डावा हात कुठे आहे तेवढं बघा, पुष्कळ कोडी सुटतात.

म्हणून प्रत्येक गाण्याच्या पहिल्या पानावरचा वरचा डावा कोपरा आधी वाचा. ट्यूनिंग तिथे लिहिलेलं असतं. गन्स अँड रोझेसच्या ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’मध्ये (१९८७) सहाही तारा अर्ध्या स्वराने उतरवलेल्या आहेत. रोलिंग स्टोन्सच्या ‘स्टार्ट मी अप’मध्ये (१९८१) कीथ रिचर्ड्सची गिटार ओपन जीमध्ये, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजेल अशी, लावलेली आहे. त्या ट्यूनिंगसाठी तो सहावी तार काढूनच ठेवतो. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ते कितीही घोटलं तरी तो आवाज येणार नाही, आणि तो दोष तुमचा नसेल.

आता तुमच्या वाद्याबद्दल. अकूस्टिक गिटारची तिसरी तार बहुधा वर बारीक तार गुंडाळलेली असते, इलेक्ट्रिकची साधी आणि सैलसर. पुस्तकांत जिथे वर वळलेला बाण आणि ‘फुल’ असं लिहिलेलं दिसतं, तिथे तार ढकलून स्वर दोन फ्रेटएवढा चढवायचा असतो. आपल्या मींडेसारखंच आहे ते, सुरुवातीचा आणि पोहोचायचा असे दोन्ही स्वर ठाम हवेत. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला असा बेंड असेल तर आधी नववा फ्रेट दाबून तो स्वर ऐका, गुणगुणा, आणि मग सातव्यावरून तार ढकलत त्याच स्वराला जाऊन भिडा. अनामिकेने दाबायचं, मधलं बोट आणि तर्जनी तिच्या मागे त्याच तारेवर टेकायची, आणि ढकलायचं ते मनगट फिरवून. एकट्या बोटाने जोर लावला की बोट दुखतं आणि स्वर अर्ध्यावर राहतो. तुमच्या जाड तारेवर हे नीट व्हायला बरेच दिवस लागतील. म्हणून पिंक फ्लॉइडच्या ‘कम्फर्टेबली नम’च्या शेवटच्या सोलोसारख्या गोष्टी सध्या ऐकण्यापुरत्या ठेवा. असले सोलो इलेक्ट्रिक गिटारच्या अंगाने जन्मलेले आहेत.

अकरापैकी एक निवडा असं मी म्हणणारच होतो, पण तुमच्या यादीत काय काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. म्हणून मीच एक सुचवतो. पिंक फ्लॉइडचं ‘विश यू वेअर हिअर’, १९७५. अकूस्टिक गिटारवरच उभं राहिलेलं गाणं आहे. सुरुवातीच्या रिफमध्ये अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर, ठेवायची आणि मग ती दोन बोटं हलवायचीच नाहीत. ई मायनर सेव्हन, जी, ए सेव्हन सस फोर, कॉर्ड कुठलीही येवो, खाली तर्जनी आणि मधलं बोट जागा बदलतात आणि वरची दोन तिथेच खिळून राहतात. तो जो सतत घंटेसारखा घुमणारा आवाज आपण इतकी वर्षं ऐकतोय, तो त्या दोन न हलणाऱ्या बोटांतून येतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता तेवढाच भाग वाजवत बसलो होतो. शिवाय त्या रेकॉर्डिंगमध्ये एक गिटार रेडिओवर लागल्यासारखी लांबून येते आणि मग दुसरी अगदी जवळून, खोलीत बसून तिला साथ दिल्यासारखी. तुम्ही लांबची तेवढी घ्या. जवळचीत बारीकसारीक बेंड आहेत, त्या सावकाश येतील. बाकीची गाणी बंद करून कपाटात ठेवा. हे एक शेवटपर्यंत गेलं की मग दुसरं काढा.

आणि गिटार भिंतीवरून आजच काढा. दीड वर्षात बोटांना जे घट्टे पडले असतील ते बसून राहिलात तर मऊ पडतील, आणि पुन्हा तीच दुखणी.

मुलीला आज रात्री समोर बसवा. तिला गाणं माहीत आहे, तर तिच्याकडे एकच काम द्या : एक, दोन, तीन, चार अशा सारख्या टाळ्या द्यायच्या आणि तुमच्यासाठी थांबायचं नाही. तुम्ही चौथी आणि तिसरी तार मोकळी सोडून सुरू करा. पहिले तीन स्वर तिच्या टाळीवर पडतील. चौथ्या वेळी तिची चारची टाळी होऊन जाऊ द्या, तिचे हात पुन्हा जवळ येत असतील, आणि ते एकमेकांना लागायच्या आत पुढचा स्वर वाजवा.